उघडता येणारी पेटी

सायकल, शिवणयंत्र, रॉकेलचा स्टोव्ह, रेडिओ या वस्तू आमच्या पिढीच्या घरांत आल्या त्या कधी ना कधी बिघडणार हे गृहीत धरूनच. बिघडल्या की गावातला कुणी तरी कारागीर त्या उघडून बसे आणि संध्याकाळपर्यंत वस्तू पुन्हा कामाला लागे. त्यामुळे विकत घेताना ‘ही दिसते कशी’ यापेक्षा ‘ही उघडते कशी’ याला अधिक महत्त्व असे. गेल्या वर्षी संगणक घेण्याचा विषय निघाला, तेव्हा हा जुना निकष मला पुन्हा हाताशी घ्यावा लागला.

आमची मुलगी कुवेतला परिचारिका आहे. तिचा मुलगा, आमचा नातू, आठवीत शिकतो आणि आमच्यापाशी उरणला राहतो. तिकडे शुक्रवार सुटीचा दिवस. तिची पाळी नसली की त्या संध्याकाळी मायलेक मिळून संगणकावर खेळतात. कधी बुद्धिबळ, कधी कॅरम, आणि बहुतेक वेळा माइनक्राफ्ट. या खेळात चौकोनी ठोकळ्यांनी घरे, विहिरी, बागा रचायच्या असतात. तेथे त्या दोघांनी एक घर बांधायला घेतले आहे. त्याला आमच्या घरासारखा पडवीचा ओटा आहे आणि मागे विहीरही. फोनवर ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ यापलीकडे न जाणारा मुलगा त्या घराचे छप्पर चढवताना आईशी तास तास बोलतो. त्यामुळे खेळाचा संगणक ही आमच्या घरी चैनीची वस्तू उरली नाही. जुना लॅपटॉप थकला तेव्हा नवा काय घ्यावा, यावर आम्ही गांभीर्याने विचार केला तो याच कारणाने.

मुलीचे मत स्पष्ट होते. “बाबा, ऑल-इन-वन घ्या. पडदा, कॅमेरा, स्पीकर, सगळं एकातच. एक वायर भिंतीत खोचली की झालं. तुम्हांला आणि आईला तारांचा गुंता नको.” तिच्या बोलण्यात तथ्य होते. ऑल-इन-वनला टेबलाखाली पेटी लागत नाही, केर काढताना अडचण होत नाही. ते वीजही बेताने घेते, त्यामुळे उरणच्या पावसाळ्यात दिवे गेले तरी छोट्या यूपीएसवर थोडा अधिक वेळ तग धरते. शिवाय ते बाहेरच्या खोलीत शोभून दिसते, म्हणजे मुलगा सर्वांच्या नजरेसमोर खेळेल, हाही तिचा हेतू होता.

तरीही या देखण्या पडद्याच्या पाठीमागे काय असते, ते पाहणे मला अगत्याचे वाटले. अंग सडपातळ ठेवायचे म्हणून ऑल-इन-वनमध्ये पुष्कळदा लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर आणि लॅपटॉपच्या मापाची रॅम बसवलेली असते. चित्रे रंगवण्याचे काम बहुधा त्याच प्रोसेसरकडे असते. निराळे ग्राफिक्स कार्ड पुढेमागे घालावे म्हटले तर जागाच नसते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने संगणकांच्या आयातीवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, तिच्यातही लॅपटॉप आणि टॅब्लेट यांच्याच पंक्तीला ऑल-इन-वन बसवले होते. नेहमीच्या पेटीवाल्या डेस्कटॉपचे नाव त्या यादीत नव्हते. पुढे त्या निर्बंधांचे रूप बदलले, पण ही पंगत मला अर्थपूर्ण वाटली. ऑल-इन-वन दिसायला टेबलावरचे असले तरी पुष्कळदा ते पोटातून लॅपटॉपच असते.

हा वाद काही आजचा नाही. अॅपल कंपनीचा १९७७ सालचा ‘अॅपल टू’ हा संगणक वरचे झाकण सहज उचलून उघडता येई आणि आत जादा कार्डे बसवायला आठ खाचा होत्या. त्याच कंपनीने १९८४ साली काढलेला मॅकिन्टॉश पडद्यासकट एकसंध होता. आत तशी एकही खाच नव्हती, आणि तो उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. एकाच घराण्यातली ही दोन भावंडे. एक म्हणाले, ‘आत या’. दुसरे म्हणाले, ‘बाहेरूनच पाहा’. दोघांनाही चाहते लाभले, कारण दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

आमची गरज मात्र उरणच्या हवेने ठरवली. येथे समुद्र आहे, खाडी आहे, मिठागरे आहेत. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवले नाहीत तर पापुद्रे सुटतात. ही खारट, दमट हवा यंत्राच्या आतही शिरते आणि धातूच्या जोडांवर काट चढवते. अशा गावी ‘बिघडले तर’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. ‘बिघडेल तेव्हा’ असे म्हणावे लागते.

आणि बिघडेल तेव्हा काय न्यायचे आणि कसे न्यायचे, हा पुढचा प्रश्न. गावात साधी दुरुस्ती होते, पण अडलेला भाग हवा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीच्या गाळाने अडते. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल आली आणि हा प्रवास पुष्कळ सुकर झाला. तरी सत्तरीच्या माणसाने सत्तावीस इंची काचेचा पडदा कवटाळून गाड्या बदलत जाणे मला झेपण्यासारखे नाही. डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला तर तेवढा डबा कापडी पिशवीत घालून नेता येतो. पडदा गेला तर पेटी शाबूत राहते आणि पेटी गेली तर पडदा. ऑल-इन-वनमध्ये मात्र एका अवयवाचे दुखणे साऱ्या देहाला अंथरुणावर घालते. ते तीन आठवडे दुरुस्तीला गेले तर आमच्या घरचे तीन शुक्रवार जातात. किमतीच्या पावतीवर हा हिशेब कोणी लिहीत नाही.

खेळांच्या दृष्टीने पाहिले तर बुद्धिबळ, कॅरम आणि ठोकळ्यांची घरे यांना फार बळ लागत नाही. आजच्या साध्या प्रोसेसरमधली चित्रशक्ती त्यांना पुरते. ती शक्ती संगणकाच्याच रॅममधून आपला वाटा घेते, म्हणून रॅमची एक पट्टी घेण्यापेक्षा जुळ्या पट्ट्या बसवल्या तर चित्र अधिक सफाईने हलते. पुढे मुलाची हौस वाढली तर पंचाहत्तर वॉटच्या आतले, वेगळी वीजतार न मागणारे छोटे ग्राफिक्स कार्ड त्याच पेटीत घालता येते. हा पर्याय आज वापरायचा नसला तरी दार उघडे असलेले बरे.

नजरेसमोर खेळण्याचा मुलीचा मुद्दा मी मनोमन मान्य केला. पण यंत्र कोणत्या जातीचे आणि ते घरात कोठे ठेवायचे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुकानदार त्यांची एकच मोळी बांधून देतो. पेटीवाला संगणकही बाहेरच्या खोलीत मांडता येतो. आम्ही तसाच मांडला. तारा भिंतीलगत पट्टीत बसवल्या, कॅमेरा आणि स्पीकर वेगळे घेतले, पेटी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवली. ज्यांच्या घरी जागा अगदीच थोडी आहे, दुरुस्तीचे केंद्र दोन रस्त्यांवर आहे आणि पत्ते किंवा बुद्धिबळ यापलीकडे काही खेळायचे नाही, त्यांनी खुशाल ऑल-इन-वन घ्यावे. घेण्यापूर्वी रॅम बदलता येते की कायमची चिकटवलेली आहे, एवढे मात्र विचारावे.

जुलैच्या पावसात एका शुक्रवारी दुपारी आमच्या संगणकाने शिट्या मारल्या आणि पडदा काळाच राहिला. गावातल्या दुरुस्तीवाल्या तरुणाला फोन केला. रस्त्यात पाणी होते, त्याला येणे जमेना. त्याने फोनवरून सांगत नेले आणि नातवाने तसे केले. वीजतार काढली, पेटीचे दोन स्क्रू सोडवले, रॅमच्या पट्ट्या बाहेर घेतल्या, त्यांच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि पुन्हा खाचेत दाबून बसवल्या. यंत्र सुरू झाले. संध्याकाळी कुवेतहून आई खेळायला आली तेव्हा पोराने आधी घराचे छप्पर दाखवले नाही. पेटीच्या आत काय काय असते, ते तो तिला अर्धा तास समजावून सांगत होता.