खैराचे खोड, प्रवाळाची फांदी

मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना भरतीरेषेच्या बऱ्याच खाली, चिखलात खैराची शेकडो झाडे सापडली. त्यांतली कित्येक मुळांवर उभी होती. समुद्र वर आला, असे कोणीही म्हणेल. जुनी समुद्रपातळी शोधणारा अभ्यासक मात्र इथे थबकतो. खैर हे कोरड्या जमिनीवरचे झाड. ते पाण्यापासून किती उंचावर वाढले, हे खोड सांगत नाही. समुद्र बुंध्याच्या खाली कुठेतरी होता, एवढीच साक्ष ते देते. शिवाय पाणी चढले की जमीन खचली, हा प्रश्न उरतोच.

अभ्यासकाला हवा असतो पाण्याच्या पृष्ठभागालगत जगणारा साक्षीदार.

कॅरिबियन समुद्रातले अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा हे शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ तसे आहे. ते मुख्यतः वरच्या पाचेक मीटर पाण्यातच भरघोस वाढते. रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसजवळ समुद्रतळ ड्रिल करून या प्रवाळाचे नमुने काढले आणि १९८९मध्ये मांडले, की शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता.

नुसती खोली मोजून हा आकडा मिळत नाही. बार्बाडोस बेट हजार वर्षांत साधारण ३४ सेंटिमीटर वर उचलले जाते. त्या हिमयुगापासूनच्या सुमारे २० हजार वर्षांत त्याचे जवळपास सात मीटर होतात. नमुना आज जिथे सापडतो, त्याच्या तेवढा खाली तो वाढलेला असतो.

वयाचीही तीच गत. पहिली वये कार्बन-१४ची होती. पुढच्याच वर्षी एदुआर बार्ड आणि सहकाऱ्यांनी बार्बाडोसच्या प्रवाळांची युरेनियम-थोरियम वये काढली. जिवंत प्रवाळ समुद्रातून युरेनियम घेते, थोरियम जवळजवळ नाहीच. नंतर सांगाड्यात साठत गेलेल्या थोरियमवरून काळ कळतो. २० हजार वर्षांच्या आसपास कार्बनची वये साडेतीन हजार वर्षांनी कमी भरली. युरेनियमचीही एक अट आहे. मूळ अ‍ॅरॅगोनाइटचे कॅल्साइट हे दुसरे खनिज झाले असेल, तर तुकडा कितीही देखणा असो, तो बाजूला ठेवावा लागतो.

एवढे सोपस्कार होऊन प्रत्येक नमुना आलेखावर चौकट बनून उमटतो. तिची रुंदी वयातली अनिश्चितता दाखवते, उंची पातळीतली. रुंदी यंत्रांनी बरीच कमी केली. उंची अजून प्रवाळाच्या सवयींवरच ठरते. तेव्हा समुद्रपातळीची गुळगुळीत रेषा कुठे छापलेली दिसली, तर तिच्यामागच्या चौकटी किती उंच आहेत, हे वाचकाने आधी विचारावे.