खोडदच्या तबकड्या आणि नववा ग्रह

18 जानेवारी, घोडेगाव
आज अमावस्या. बिबट्याच्या धास्तीने उसाच्या बांधावर रात्री कुणी थांबत नाही, म्हणून गच्चीवरूनच आकाश पाहिलं. डिंभ्याच्या बाजूला ते अजून काळंभोर आहे, मंचरकडे मात्र हायवेचा उजेड वर चढलाय. डोक्यावर कृत्तिका, रोहिणी, अलीकडे मृग. नववा ग्रह असलाच तर बहुधा याच भागात रेंगाळत असेल. सूर्यापासून सगळ्यात लांब गेलेला ग्रह सगळ्यात संथ चालतो, आणि त्याच्या कक्षेचं ते टोक वृषभाच्या आसपास येतं असा अंदाज आहे. शेजारूनच आकाशगंगा जाते. त्या गर्दीत एक अंधुक ठिपका हुडकायचा!

20 जानेवारी
2016 मध्ये याच तारखेला कॅल्टेकच्या कॉन्स्टंटिन बाटिगिन आणि माइक ब्राउन यांचा शोधनिबंध आला. नेपच्यूनपलीकडच्या सहा वस्तूंच्या लांबुळक्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता त्यांनी 0.007 टक्के काढली. म्हणजे एखादा न दिसलेला नववा ग्रह त्यांना ओढत असावा. तो कुणी पाहिला नव्हता, त्याची ओढ तेवढी जाणवली होती. नेपच्यूनही 1846 मध्ये असाच आधी कागदावर सापडला. लव्हेरिएने जागा सांगितली आणि बर्लिनला गालेला तो पहिल्याच रात्री दिसला. इथे दहा वर्षं उलटली, ग्रह दिसलेला नाही. सूर्याचा उजेड जाताना विरतो, परतताना पुन्हा विरतो. अंतर दुप्पट झालं की तेज सोळा पटींनी घटतं. नेपच्यूनलाच उचलून वीसपट दूर ठेवलं, तर तो 1 लाख 60 हजार पटींनी मंद दिसेल.

8 फेब्रुवारी, खोडद
नववीची पोरं बरोबर होती. रस्त्यावरूनच तबकड्या दाखवल्या. एकाने विचारलं, “सर, इथे 45 मीटरच्या तीस तबकड्या आहेत, मग यांनाच का नाही सापडत तो?”

प्रश्न रास्त आहे. तिकडचा ग्रह इतका गार, की त्याची स्वतःची ऊब अवरक्त किरणांत, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही आखूड लहरींत निघणार. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण ऐकते त्या लहरी वीतभर ते दोन-अडीच मीटर लांबीच्या. त्यांत त्या ग्रहाचा आवाज नसल्यात जमा.

तरी एक वाट खोडदवरून जाते, आणि ती मला फार आवडते. इथे पल्सर या गरगर फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेडिओ ठोक्यांच्या वेळा अतिशय काटेकोर नोंदतात. ते वेळापत्रक मांडायचं तर सूर्यमालेचा तोलबिंदू नेमका ठाऊक हवा. एकटा गुरू तो बिंदू सूर्याच्या केंद्रापासून सुमारे साडेसात लाख किलोमीटर सरकवतो. पृथ्वीच्या पाचपट वस्तुमानाचा ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या 500 पट दूर असेल, तर तो अकरा लाख किलोमीटर सरकवेल, गुरूपेक्षाही जास्त! पण गुरूची फेरी बारा वर्षांत पुरी होते, याची अकरा हजारांत. वीस वर्षांच्या नोंदीत एवढी संथ ओढ पल्सरच्या स्वतःच्या मंदावण्यात मिसळून जाते, वेगळी काढता येत नाही. पोरांनी हे अगदी शांतपणे ऐकलं. एकीने वहीत वर्तुळ काढून तोलबिंदू सूर्याच्या बाहेर पडतो का, ते स्वतः तपासलं. पडतो, सूर्याची त्रिज्या सात लाख किलोमीटर.

18 फेब्रुवारी
1930 मध्ये आजच्या दिवशी क्लाइड टॉम्बॉला प्लूटो सापडला, दोन छायाचित्रांत एक ठिपका सरकलेला पाहून. नवव्यालाही तीच रीत लागू पडते. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, तेवढ्यात 500 पट दूरचा ग्रह चंद्रबिंबाच्या जवळजवळ निम्म्याने सरकलेला दिसायला हवा.

28 फेब्रुवारी
विज्ञान दिन. वर्गात तीच मुलगी म्हणाली, “सर, तो नसलाच तर?”

तसं मानणारेही आहेत. दुर्बिणी जिकडे रोखल्या तिकडच्याच वस्तू सापडल्या, म्हणून कक्षा झुकलेल्या भासतात, असं त्यांचं म्हणणं. ब्राउन यांनीच तीन सर्वेक्षणं मिळून ग्रहाच्या संभाव्य जागांपैकी 78 टक्के रद्द केल्या. स्वतःच्या भाकितावर अशी काट मारत जाणं मला या शोधातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

चिलीतल्या रुबिन वेधशाळेची 8.4 मीटरची दुर्बीण दक्षिण आकाश दहा वर्षं पुन्हा पुन्हा टिपणार आहे. मी अजून ग्रहाच्या बाजूने आहे. तिला सापडणाऱ्या दूरच्या वस्तूंच्या कक्षा चहूकडे विखुरलेल्या निघाल्या, तर मी माझा कौल बदलेन. मुलीलाही तसंच सांगितलं.