तेरा वर्षांचा प्रौढ

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या एसटीत आम्ही घरातली सहा माणसं चढलो, तेव्हा वाहकाला आमचा हिशेब लावायला बाकीच्या अर्ध्या गाडीइतका वेळ लागला. सासूबाईंनी आधार कार्ड पुढे केलं, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या. माझे वडील अडुसष्टचे, म्हणून त्यांना ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं. मला महिला सन्मान योजनेतलं अर्धं. नवऱ्याकडे, मुलाकडे आणि मुलीकडे चार दिवसांचे पास होते. नऊ वर्षांच्या मुलीचा पास मुलांच्या दराचा, बाकी दोघांचे पूर्ण. वाहकाने मुलाच्या पासवरचा फोटो पाहिला, मग मुलाकडे पाहिलं.

“ताई, याचा फुल काढलात? वय किती?”

“तेरा.”

“मग फुलच. बारा झाले की आमच्याकडे माणूस मोठा.”

हे त्याने सहज सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, त्यापुढे पूर्ण. मुलगा आठवीत आहे, मिसरूडही फुटलेली नाही, पण भाड्याच्या तक्त्यात तो आणि त्याचा बाप एकाच रकान्यात बसतात. हा रकाना वयानुसार कसा ठरतो आणि त्यामुळे घरातलं कोण प्रवासाला निघतं आणि कोण मागे राहतं, हे मला त्या चार दिवसांत फार जवळून बघायला मिळालं.

आम्ही राहतो सासवडजवळ. स्वारगेट, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी आणि मग आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे असा मार्ग ठरला होता. कोकण रेल्वेचा विचार आधी झाला, पण वडिलांनीच तो बाजूला ठेवला. रेल्वेत पूर्वी साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांपुढच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. 20 मार्च 2020 पासून, करोनाच्या दिवसांत ती थांबवली गेली आणि अजून परत आलेली नाही. मुलांचंही तसंच. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाला अर्ध्या भाड्यात स्वतंत्र बर्थ मिळे. एप्रिल 2016 पासून बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं द्यावं लागतं, बर्थ न घेता बसवलं तरच अर्धं. तीन पिढ्या घेऊन निघणाऱ्या घराला हे दोन बदल चांगलेच जाणवतात.

एसटीत उलटं घडलं. 26 ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा राज्यातला प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्यांना निम्म्या भाड्याची सवलत होतीच. 17 मार्च 2023 पासून सगळ्या वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट सुरू झालं. या सवलतींची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. आज एसटीच्या साध्या तिकिटाकडे नीट पाहिलं तर पूर्ण भाडं मुख्यतः बारा ते पासष्ट वयाचे पुरुष भरतात.

सासूबाईंवर या बदलाचा झालेला परिणाम मी घरात पाहिला आहे. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं नाही. पण कुठे जायचं म्हटलं की मुलाकडे मागायचे, आणि मागताना कारण सांगायचं, हे त्यांना जड जाई. जेजुरी, आळंदी, भाचीचं घर, सगळं “बघू पुढे” यात अडकलेलं असे. शून्याचं तिकीट आलं आणि त्या विचारायच्या थांबल्या. सकाळी डबा करून ठेवतात आणि सांगतात, “मी नीरेला जाऊन येते.” गणपतीपुळ्याचा बेतही त्यांचाच. पुळ्याचा गणपती त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

पासचा शोध माझ्या नवऱ्याने लावला. ‘आवडेल तेथे प्रवास’ ही एसटीची योजना 1988 पासूनची आहे. चार किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि तेवढ्या दिवसांत राज्यभर हवं तिकडे, हव्या तितक्या वेळा फिरायचं. फोटो लावलेला पास दुसऱ्याला देता येत नाही, हरवला तर दुसरा मिळत नाही, आणि पास आहे म्हणून बसायला जागा मिळेलच असं नाही. पूर्वी गर्दीच्या हंगामाचा दर वेगळा आणि कमी गर्दीच्या हंगामाचा वेगळा असे. काही वर्षांपूर्वी साध्या बसचा चार दिवसांचा पास प्रौढांना 1,170 आणि मुलांना 585 रुपयांना मिळत होता. 2025 च्या भाडेवाढीनंतर प्रौढांचा दर 1,814 वर गेला, आणि जुलै 2025 मध्ये महामंडळाने तो कमी करून 1,364 वर आणला. मुलांचा दर साधारण त्याच्या निम्मा.

आता प्रश्न होता, कुणी पास घ्यायचा आणि कुणी तिकीट काढायचं. एका रात्री जेवणं झाल्यावर वही काढून बसलो. एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा, आणि साध्या बसला टप्प्यामागे साधारण दहा रुपये. म्हणजे 1,364 रुपयांत जवळपास 136 टप्पे, सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. पूर्ण भाडं भरणाऱ्याने चार दिवसांत तेवढं अंतर कापलं की पास वसूल. आमचं जाणं-येणंच तेवढं होत होतं, म्हणजे मधल्या साऱ्या फेऱ्या फायद्यात. मुलीचा पास निम्मा आणि तिकीटही निम्मं, त्यामुळे तिचं गणित बापासारखंच. पण माझं आणि वडिलांचं तिकीट आधीच अर्धं आहे. पास मात्र आम्हालाही पूर्ण दराचा. आमचा पास वसूल व्हायला सोळाशेहून जास्त किलोमीटर हवेत. चार दिवसांत सोळाशे किलोमीटर म्हणजे देवदर्शन सोडून नुसतं बसमध्येच बसायचं. सासूबाईंना तर पास घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

त्या वहीच्या पानावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. तिकिटाची व्यवस्था गेल्या काही वर्षांत वय आणि माणूस ओळखायला शिकली, पासची व्यवस्था मात्र अजून दोनच रकान्यांवर थांबली आहे: प्रौढ आणि मूल.

गणपतीपुळ्यात पोचल्यावर पासची खरी गंमत मुलांना कळली. मंदिरामागच्या डोंगराची प्रदक्षिणा झाली, दुपारी खिचडीचा प्रसाद झाला, आणि मुलगा थेट स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून घेऊन आला. जयगडला जाऊन किल्ला पाहिला. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला उतरून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला गेलो, कारण सासूबाईंची ती फार दिवसांची इच्छा होती. प्रत्येक वेळी पासवाले तिघं आणि मोफत तिकीटवाल्या सासूबाई आधी उठून उभे राहत. वडील आणि मी पाठोपाठ निघत असू. एकदा पैसे भरून झाले की पुढच्या फेरीचा खर्च मनात येत नाही, आणि माणूस जास्त फिरतो. मुलाला चार दिवसांत जिल्ह्याचा नकाशा पाठ झाला. पुस्तकात वाचलेली खाडी त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती जयगडला, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे.

माझी चुलतबहीण अमेरिकेत डेन्व्हरला राहते. पुळ्यातून तिला फोन केला तेव्हा पासचा विषय निघाला आणि ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे हाच घोळ दर हिवाळ्यात.” तिच्या घरी बर्फावर स्कीइंग करायला जातात. तिथल्या स्कीच्या डोंगरांवर हंगामभराचा पास मिळतो, आणि त्याची वयानुसार वाटणी फार विचार करून केलेली असते. मी नंतर त्याबद्दल बरंच वाचून काढलं.

व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने 2008 मध्ये एपिक पास काढला, तेव्हा त्याची किंमत 579 डॉलर होती. अनेक डोंगरांवर अमर्याद स्कीइंग, पण पैसे बर्फ पडायच्या आधी भरायचे. वसंतात घेतला तर स्वस्त, हिवाळा जवळ येईल तसा महाग. आयत्या वेळी खिडकीवर एका दिवसाचं तिकीट घ्यायला गेलं तर काही ठिकाणी गर्दीच्या दिवसांत ते 300 डॉलरच्या वर जातं. बर्फ कमी पडला तरी कंपनीकडे पैसे आधीच आलेले असतात. दुसऱ्या कंपनीचा आयकॉन पास 2018 पासूनचा. त्यात चार वर्षांपर्यंतचं बाळ वेगळं, 5 ते 12 मूल, 13 ते 22 तरुण, आणि 23 पासून प्रौढ. बाराची रेघ तिथेही आहे. फक्त ती ओलांडली की मुलगा लगेच बापाच्या रकान्यात जात नाही, मधे दहा वर्षांची एक पायरी आहे.

ही पायरी दयेपोटी ठेवलेली नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं घरच्यांबरोबर फिरणं सोडतात. त्याच वयात डोंगराशी नातं तुटलं तर चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, हे कंपन्यांना ठाऊक आहे. कॅनडात तर चौथी-पाचवीच्या वयाच्या मुलांसाठी अगदी थोड्या पैशांत मिळणारा पास आहे. त्यावर त्या मुलांना देशभरातल्या अनेक डोंगरांवर ठरावीक वेळा जाता येतं. मूल जातं तेव्हा सोबत पूर्ण पैसे भरणारे आई-वडीलही जातात. वृद्धांचंही पाहा. न्यूयॉर्क राज्यात 1977 मध्ये सत्तरीपुढच्या स्कीअरांनी आपला एक क्लब काढला आणि ठिकठिकाणी सवलती मिळवल्या. पुढे माणसं जास्त जगू लागली, सत्तरीतही डोंगर उतरू लागली, तशी अनेक ठिकाणी मोफत प्रवेशाची रेघ पंचाहत्तरीकडे आणि ऐंशीकडे सरकली. युटामधल्या आल्टा या जुन्या डोंगरावर ऐंशीच्या पुढच्यांना मोफत पास मिळतो. तिथे दराची रेघ नफा पाहून सरकते. आपल्याकडे सरकार आणि समाज मिळून ती सरकवतात, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या बाबतीत ती योग्य ठिकाणी सरकली, असं मला मनापासून वाटतं.

तेराव्या वर्षाचं मात्र राहून गेलं आहे. माझा मुलगा रोज एसटीने शाळेत जातो. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे घर ते शाळा या वाटेवर तो एक तृतीयांश भाडं भरतो. त्याच्या वर्गातल्या आमच्या गावच्या मुलींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, आणि तो असायलाच हवा. शाळेची सहल निघाली तर एसटी निम्म्या दरात गाडी देते. सुट्टीत मूळ गावी जायचं असेल तर विद्यार्थ्याला अर्धी सवलत मिळते. म्हणजे तो अजून शिकणारा मुलगा आहे, हे महामंडळाच्या कागदांवर तीन ठिकाणी मान्य आहे. फक्त तो आजीचा हात धरून गणपतीपुळ्याला निघाला की पूर्ण प्रौढ ठरतो.

शेतमजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या घरी हा फरक नुसता वहीवर राहत नाही. आजी मोफत, आई अर्ध्यात, धाकटी अर्ध्यात, आणि बाराच्या पुढचे दोन मुलगे पूर्ण. अशा घरातून मी ऐकलं आहे, “पोरं राहतील घरी, मोठी झालीत आता.” ज्या वयात नकाशातली नावं डोळ्यांनी बघायला हवीत, त्याच वयात पोरं घराची राखण करत मागे राहतात.

माझं म्हणणं साधं आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ पासमध्ये तिसरा रकाना हवा: 12 ते 18, शाळेचं ओळखपत्र दाखवून, मुलांच्या दरात, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीपुरता. ज्यांना तिकीट अर्ध्यात मिळतं त्या स्त्रियांना आणि ज्येष्ठांना पासही अर्ध्यात मिळावा, म्हणजे घराला निम्म्यांचे पास आणि निम्म्यांची तिकिटं असा हिशेब करत बसावं लागणार नाही. मुलाबरोबर पूर्ण भाड्याचा बापही गाडीत बसेल, लॉजची खोली घेईल, खाणावळीत जेवेल. एकदम राज्यभर जमत नसेल तर एका विभागात एका सुट्टीपुरतं करून पाहता येईल. रत्नागिरी विभाग त्याला चांगला. किनारा आहे, किल्ले आहेत, देवळं आहेत, आणि गावोगाव जाणारी एसटी आहे. मी हे सगळं पत्रात लिहून महामंडळाकडे पाठवलं आहे. सोबत आमच्या वहीतलं ते हिशेबाचं पानही जोडलं आहे, सहा माणसांची सहा वयं आणि त्यांच्यापुढे लिहिलेल्या रकमांसकट.