भार आणि दोष

सुखाच्या दिवसांत माणसाची परीक्षा होत नाही, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु यंत्रासही हाच न्याय लागू पडतो, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या कार्तिकात आला. न्यायशास्त्रात अन्वय व व्यतिरेक अशी विचाराची दोन साधने सांगितली आहेत. एक असता दुसरे असते, हा अन्वय; ते नसता दुसरेही नसते, हा व्यतिरेक. ही साधने धूर आणि अग्नी यांच्यापुरतीच नसून शेतातील ट्रॅक्टरच्याही कामी येतात, हे वाचकांस निवेदन करावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बिऱ्हाड सक्करदऱ्यास, आणि कुटुंबाची थोडी शेती उमरेडच्या रस्त्याला. तेथील ट्रॅक्टर आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनी घेतलेला. त्याचे वय आता चाळिशीच्या पुढे. सोयाबीन निघाले होते आणि हरभऱ्यासाठी रान तयार करावयाचे होते. काळ्या जमिनीतील ओल कोणाची वाट पाहत नाही. ती उडाली की कोरडवाहू हरभऱ्याची उगवण बिघडते. नेमक्या त्याच आठवड्यात ट्रॅक्टरने असहकार पुकारला. उभा असता तो तासन्‌तास चाले. रस्त्याने रिकामा नेला तरी कुरकुर नसे. मात्र कल्टिव्हेटरचे फाळ जमिनीत उतरले की दहा-बारा मिनिटांत त्याचा आवाज खोल जाई आणि तो बंद पडे. पाव तास विसावा दिला की पुन्हा पूर्ववत्!

मिस्त्री आले. "गुरुजी, इंजिन थकलं आता. पूर्ण खोला लागते," असा त्यांनी निर्णय दिला. खर्चाचा आकडा ऐकून आमचा पुतण्या म्हणाला, "काका, त्यापेक्षा विकूनच टाकू या." घरात दोन पक्ष झाले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्यांच्या पानातले अन्न तसेच राहिले.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ज्या इंजिनाचा प्रयोग सिद्धीस नेला, त्यात ठिणगीची योजना नसते. हवा दाबली असता ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. तेव्हा प्रथम झडती घ्यावयाची ती हवा, दाब आणि इंधन या तिघांची. दाब गेला असता, तर सकाळच्या गारठ्यात इंजिन सुरू होण्यासच अडचण पडती. ते तर पहिल्या झटक्यास सुरू होई. हवा गाळणारा एअर क्लीनर तुंबला असता, तर भाराबरोबर काळा धूर निघता, तोही नव्हता. उरले इंधन. रिकाम्या इंजिनाला तासाला लिटर-दीड लिटर डिझेल पुरते. शेतात जुंपले की त्याच्या चार-पाच पट लागते. वाट अरुंद झाली असेल तर ती प्रथम भाराखालीच जाणवणार. पुतण्याने फिल्टर बदलला होता, नळ्यांचे सांधेही तपासले होते. मग विश्रांतीने काय बरे होत होते?

टाकीच्या झाकणाला एक सूक्ष्म छिद्र असते. जितके डिझेल खाली उतरते, तितकी हवा त्यातून आत येते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार अडखळते, म्हणून गृहिणी समोर दुसरे पाडतात. तोच हा प्रकार. आमच्या झाकणाचे छिद्र शोधूनही सापडेना. खंडेनवमीच्या पूजेसाठी मुलांनी ट्रॅक्टरला हौसेने तांबडा रंग दिला होता, आणि झाकणावर तो अंमळ सढळ हाताने बसला होता! रिकाम्या इंजिनाला झाकणाच्या कडेने झिरपणारी हवा पुरत होती. भाराला ती पुरेना. विसाव्यात तीच हळूहळू आत भरे.

परीक्षा सोपी होती. झाकण सैल करून फाळ उतरविले; अर्धा तास ट्रॅक्टर बिनतक्रार चालला. घट्ट केले, बाराव्या मिनिटास बंद. पुन्हा सैल केले, पुन्हा चालला. अन्वयही झाला, व्यतिरेकही झाला. झाकण सैल ठेवून भागत नाही, कारण धूळ व पाणी आत जाते. वहिनींनी दिलेल्या दाभणाने आम्ही ते छिद्र मोकळे केले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत रान पेरणीस तयार झाले.

मिस्त्रींस आम्ही दोष देत नाही. प्रत्येक वेळी रोग झाकणातच सापडेल असेही नाही. कधी इंजिन खरोखरच खोलावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की, भार दोष उत्पन्न करीत नाही, असलेला दोष उघड करतो. आणि मोठी चिकित्सा करण्यापूर्वी लहान कारणे एकेक करून वगळावीत.

एकत्र कुटुंबातही याहून निराळे काय असते? सणावारी आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, त्यांना पहिला मान देतो. पण त्या मानाच्या रंगाखाली त्यांची बोलावयाची वाट बुजली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात दोन पक्ष झाले तेव्हा वहिनींचे मत कोणत्याच पक्षाने विचारले नव्हते.

असो. जुना ट्रॅक्टर ठेवावयाचा की विकावयाचा, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. मात्र तो प्रथम वहिनींपुढे ठेवावयाचा, एवढे पुतण्याने स्वतःहून ठरविले आहे.