एका दिवसाची आखणी

हिरोशिमासाठी आमच्या वाट्याला एकच दिवस येणार होता. चिरंजीव ओसाकाला नोकरीस असतात. त्यांची रजा, सूनबाईंची सुट्टी आणि नातीची शाळा यांचा मेळ घालता शनिवार, १२ एप्रिल २०२५ हा दिवस मुक्रर झाला. आदल्या रात्रीच हिरोशिमास मुक्कामाला जायचे ठरले. चिरंजीवांनी संगणकावर तक्ता तयार करून इंदुरास धाडला. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत अकरा स्थळे आणि प्रत्येकासमोर मिनिटे. किल्ला पस्तीस, शुक्केइएन उद्यान चाळीस, अणुबाँबचे संग्रहालय पन्नास. सव्वाआठच्या रकान्यात ‘न्याहारी’ असे लिहिले होते.

त्या रकान्यापाशी माझी नजर थांबली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी या शहरावर बाँब पडला तो सकाळी सव्वाआठ वाजता. वर्षाअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे गेली. ज्या शहरात घड्याळाची एक वेळ अशी कायमची बाजूला ठेवलेली आहे, तिथे त्या वेळी आपण पावाला लोणी लावत बसावे, हे मला रुचेना. मी कळवले, न्याहारी सातला घेऊ, सव्वाआठला त्या घुमटापाशी उभे राहू. उत्तर आले, “बाबा, चालेल.” एवढ्यावर तक्त्याचा विषय संपेल असे त्यास वाटले असावे.

खरा प्रश्न नातीचा होता. ती नऊ वर्षांची. तिला संग्रहालयात न्यावे की नाही? सूनबाईंचे म्हणणे असे, की सहावीत गेल्यावर शाळेची सहल बहुधा तिथेच जाईल, तेव्हा आजच घाई का? चिरंजीवांचे म्हणणे, तिथवर नेऊन दाराबाहेर ठेवायचे हेही बरे नव्हे. मी त्या संग्रहालयाविषयी वाचून काढले. १९५५ साली ते सुरू झाले. इमारत केन्झो तांगे यांची. भाजलेल्या माणसांचे पुतळे पूर्वी तिथे होते, ते २०१७ मध्ये काढले आणि २०१९ मध्ये मुख्य इमारत नव्या मांडणीने खुली झाली. आता भर आहे तो माणसांच्या मागे राहिलेल्या वस्तूंवर. जळून कोळसा झालेल्या अन्नासकट एका शाळकरी मुलाचा डबा. चार वर्षेही पुरी न झालेल्या एका मुलाची तीनचाकी, जी वडिलांनी त्याच्याबरोबर अंगणात पुरली आणि १९८५ मध्ये उकरून संग्रहालयास दिली. पुतळे काढल्याने मांडणी सौम्य झाली असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. पुतळा परका असतो. डबा आणि तीनचाकी आपल्या घरातही असतात.

शेवटी तोड काढली ती आमच्या सौभाग्यवतींनी. “मला ते न पाहताही कळते,” ती म्हणाली. “मी आणि ही बाहेर बसू. तुम्ही आत जाऊन या.” बाहेर त्याच उद्यानात मुलांचे स्मारक आहे. दोन वर्षांची असताना किरणोत्सर्गात सापडलेली आणि दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने गेलेली सादाको सासाकी हे त्याचे निमित्त. १९५८ साली ते उभे राहिले. देशोदेशीची मुले कागदाचे करकोचे करून तिथे पाठवतात. नातीने ओसाकाहूनच करकोच्यांची एक माळ करून आणावी, असे तक्त्यात नव्याने नोंदले गेले.

दुसरा वाद क्रमाचा. शहराबाहेरचे मियाजिमा बेट सकाळी उरकावे आणि दुपारनंतर शहर पाहावे, म्हणजे रज्जुमार्गाने मिसेनचा डोंगरही साधतो, असा व्यवहारी सल्ला चिरंजीवांना मिळाला होता. मी उलट आग्रह धरला. सकाळी संग्रहालय, मग बेट. इथे माझ्या बाजूने पंचांग धावून आले. आम्ही माळव्यातली माणसे. समुद्राशी आमचा संबंध तिथीपुरताच. पण तो दिवस नेमका चैत्री पौर्णिमेचा होता, म्हणजे उधाणाचा, आणि उधाणाच्या दिवशी त्या किनाऱ्यावर दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास पाणी पार मागे सरते. इत्सुकुशिमा देवस्थानाचे ते प्रसिद्ध पाण्यातले तोरणद्वार त्या वेळी वाळूवर उभे असते आणि माणसाला पायी चालत त्याच्यापाशी जाता येते. तक्त्याने चंद्रापुढे मान तुकवली. किल्ला, उद्यान आणि रज्जुमार्ग गळाले. किल्ल्याचा मनोरा तसाही १९५८ मध्ये काँक्रीटने पुन्हा बांधलेला. त्याची मला फार हळहळ वाटली नाही. उद्यानाची वाटली. ते १६२० सालचे आहे.

“आणि संग्रहालयानंतरचा एक तास कोरा ठेव,” मी दूरध्वनीवर म्हणालो.

“कोरा म्हणजे? त्यात करायचे काय?”

“काही नाही.”

त्याने त्या रकान्यात ‘राखीव’ असे लिहिले.

प्रत्यक्ष दिवस बराचसा आखल्याप्रमाणे गेला. सव्वाआठला उद्यानातल्या मनोऱ्याच्या घड्याळाची घंटा वाजली. ती रोजच वाजते. चेक वास्तुविशारद यान लेत्झेल याने १९१५ मध्ये बांधलेल्या इमारतीचा तो सांगाडा मोतोयासू नदीच्या काठी उभा आहे. बाँब त्याच्या जवळजवळ माथ्यावर, सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला, म्हणूनच म्हणे काही भिंती उभ्या राहिल्या. तो पाडून टाकावा असे म्हणणारेही गावात होते. जतनाचा ठराव नगरसभेने केला तो १९६६ मध्ये. रोज कामावर जाताना ज्यांना तो पाहावा लागे, त्यांचे म्हणणे मला तरी अगदीच चुकीचे वाटत नाही.

संग्रहालयातून आम्ही तिघे बाहेर आलो आणि कोणी कोणाशी बोललो नाही. राखीव तास नदीकाठच्या बाकावर गेला. पाकळ्या झडत होत्या. सौ. आणि नात स्मारकापाशी माळ ठेवून, तिथली घंटा वाजवून आल्या होत्या. चिरंजीवांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

पुढे आगगाडीऐवजी ट्राम घेतली. वेळ दुप्पट लागतो, पण या ट्रामचा मान मोठा आहे. बाँब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, एका तुकड्यावर ती पुन्हा धावली. पुरुष युद्धावर गेलेले. ती हाकणाऱ्यांत शाळकरी मुली होत्या. तेव्हाच्या ६५१ आणि ६५२ क्रमांकांच्या गाड्या दुरुस्त होऊन पुढेही धावत राहिल्या. आम्हाला मिळाली ती साधीच, नवी.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. शाकाहारी माणसाने तिथे घरचा डबा बरोबर घ्यावा, कारण माशाचा अर्क कशात नसेल याचा नेम नाही. मियाजिमाला मेपलच्या पानाच्या आकाराची एक मिठाई मिळते, आत गोड वाटलेल्या लाल चवळीसारख्या कडधान्याचे सारण, सौ.ने नुसते सारण चाखून ‘पुरणच हे’ असा निर्वाळा दिला. वरच्या कवचात अंडे असते, म्हणून ते नातीकडे गेले.

बेटावर दाइगान्जी मंदिरात बेंझाइतेन आहे, म्हणजे वीणेऐवजी जपानी बिवा घेतलेली आपली सरस्वती. देवस्थानाला आजचे रूप बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी याने दिले. सज्जांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत, उधाणाचे पाणी त्यांतून वर यावे म्हणून. हे देवस्थान आणि तो घुमट, दोन्ही युनेस्कोच्या यादीत एकाच वर्षी, १९९६ मध्ये, आली. या बेटाच्या पावित्र्यापायी इथे जन्म आणि मृत्यू होऊ देत नसत. गर्भवती आणि आसन्नमरण माणसांना पलीकडच्या तीरावर नेत. बेटावर आजही दफनभूमी नाही. सूनबाईंनी हे फलकावरून वाचून सांगितले, आणि आम्ही सगळेच पाण्यापलीकडे, शहराच्या दिशेला पाहू लागलो.

पावणेचारला वाळू उघडी पडली. ते द्वार १८७५ चे. खांब कापराच्या झाडाचे, जमिनीत न पुरलेले, केवळ स्वतःच्या भाराने उभे. नातीने खांबाला कवेत घेऊन पाहिले, मावेना; मग आईला आणि आजीला बोलावले, तरी मावेना. वाळूत बसून बुटांतले पाणी काढताना तिने विचारले,

“आजोबा, आत काय काय होते?”

“एक तीनचाकी होती.”

“कोणाची?”

“तुझ्याहून लहान मुलाची.”

“ती चालते का?”

“नाही. फार गंजली आहे.”

तिने बूट घातले. बंद बांधून झाल्यावर म्हणाली, “सहावीत येईन तेव्हा बघेन.” पाणी अजून दूर होते, परतीची नाव साडेपाचची होती.