भवानी मंडपातलं हायस्कूल

कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं भवानी मंडपात रेंगाळतात. जुना राजवाडा बघतात, चपलांचा भाव करतात आणि तिथल्या जुन्या दगडी इमारतीपुढे फोटो काढतात. ती चालू शाळा आहे, हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. मेन राजाराम हायस्कूल. आराखडा वास्तुविशारद चार्ल्स मँटचा. कोल्हापूर संस्थानच्या ज्या राजाराम महाराजांचं नाव शाळेला आहे, ते १८७० साली ऐन विशीत इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथल्या त्यांच्या छत्रीचा आराखडाही मँटनंच केला. पुढं १८८० मध्ये याच शाळेच्या अंगानं राजाराम कॉलेज उभं राहिलं. आज हायस्कूल जिल्हा परिषदेकडं आहे. म्हणजे कागदोपत्री तुमचं-आमचं.

माझा भाचा अमेरिकेत एका लहान गावात राहतो. त्याला मूलबाळ नाही, तरी घरपट्टीतला मोठा वाटा गावच्या हायस्कूलला जातो म्हणून तो फोनवर कुरकुरत असतो. कुरकुरतो आणि शाळा मंडळाच्या निवडणुकीला मत द्यायलाही जातो. शुक्रवारी संध्याकाळी शाळेची मॅच असली की हा बिनपोराचा माणूस शाळेच्या रंगाची टोपी घालून गॅलरीत! तिथं ही रीत जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८२७ च्या कायद्यानं पाचशे कुटुंबांच्या गावाला स्वखर्चानं हायस्कूल चालवणं भाग पडलं. खर्च गावाचा, म्हणून भांडणही गावाचं. अर्थात श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरिबाची गरीब, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष आहेच. भाचा त्याबद्दल फारसं बोलत नाही.

टोपी घालून ओरडणं आम्हाला कुणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की अख्ख्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. वर्गणी मागावी लागत नाही. पण हे सगळं तालमीसाठी. तालीम पेठेनं उभी केली, ती पडू नये म्हणून पेठ जागी असते.

शाळा मात्र आम्हाला मिळाली. दिली शाहू महाराजांनी. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. हे काम तेव्हा गावावर सोडलं असतं तर झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. ज्या गावानं पाणवठा वाटून घेतला नाही, ते बाक काय वाटून घेणार? म्हणून हुकूम हवाच होता. फक्त हुकमानं आलेल्या गोष्टीची काळजी हुकूम देणाऱ्यानंच घ्यायची, ही सवय त्याबरोबर आम्हाला लागली. महाराज गेले, संस्थान विलीन झालं, सवय राहिली. सरकारी शाळेचा पट घसरला की आम्ही सरकारला नावं ठेवतो आणि संध्याकाळी पोराच्या इंग्रजी शाळेची फी भरतो. मीही भरली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी शाळांत आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा. शाळेचा विकास आराखडा करायचा, पैसा कुठं जातो ते बघायचं, असे अधिकार तिला आहेत. तालमीच्या अध्यक्षपदावरून आमच्या पेठेत सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. शाळेच्या समितीवरून कुणाचं बिनसल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.