शेवटच्या कर्जतच्या आत

गॅरेज रॉक म्हणजे काय, हे आईला मी आजवर तीनदा समजावलंय. तिचा प्रश्न दर वेळी तोच. 'गॅरेजमध्ये बसून का वाजवतात? घरी काय झालं?' आता बदलापुरात गॅरेज म्हणजे कात्रपच्या कोपऱ्यावरचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. तिथे दोन स्कूटर आणि एक कुत्रा मावतो, ड्रमसेट कुठून मावणार?

तर थोडक्यात फंडा असा. साठच्या दशकात अमेरिकेतली शाळा-कॉलेजातली पोरं बापाची गाडी बाहेर काढायची आणि रिकाम्या गॅरेजमध्ये स्वस्तातले अँप लावून बडवत बसायची. तीन कॉर्ड्स, फाटका आवाज, अडीच मिनिटांत गाणं खल्लास. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द स्ट्रोक्स'चा 'इज धिस इट' आणि डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स'चा 'व्हाइट ब्लड सेल्स' असे दोन अल्बम आले आणि ही स्टाइल परत इन झाली. मी तेव्हा बालवाडीत होते. माझ्यापर्यंत हे सगळं पोचलं मास कॉम करताना, एका मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हमधून. तेव्हापासून जे कान फाटले ते फाटलेच.

२०२५ हे माझं वर्ष कसं गेलं ते सांगते. म्हणजे गाण्याच्या बाबतीत. बाकीच्या बाबतीत फ्रीलान्सरचं वर्ष जसं जातं तसंच, 'मॅडम, पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे ऐकत.

८ आणि ९ मार्चला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा झालं आणि त्यात 'ग्रीन डे' आले. गॅरेजवाले नाक मुरडतील की हे तर पंक. मान्य. पण सख्खं नाही तरी चुलत नातं आहेच की. तिकिटाची किंमत आईला अजून सांगितलेली नाही, इथेही छापत नाही. मैदानात धूळ, पाण्याला रांग, पुढे सहा फुटी माणूस, सगळं आलं. तरीही सॉलिड मजा आली. आणि गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या तमाशातून निघून मी बदलापूरला आरामात पोचले.

कारण उघड आहे. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत तसे. त्यामुळे कितीही मोठा स्टार असो, दहाच्या आसपास त्याला गुमान गिटार खाली ठेवावी लागते. मुंबईतली पब्लिक यावर जाम वैतागते. आम्ही बदलापूरवाले मात्र मनातल्या मनात त्या नियमाला हात जोडतो. महालक्ष्मी, दादर, पूल चढून सेंट्रल, आणि गाडीत बसायलाही मिळतं.

गोची होते ती छोट्या जागांची. बंद हॉलला दहाचा नियम तसा लागू नाही. म्हणून क्लबमधला गिग साडेनऊला सुरू, आधी एक पाहुणा बँड, मग साउंडचेक, मग ज्यांच्यासाठी आलो ते अकरा वाजता. पूर्वी लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये 'ब्लू फ्रॉग' होतं, २००७ ते २०१६. मी मोठी होईपर्यंत ते बंद झालं, पण तिथून मधेच पळत सुटलेल्या डोंबिवली-अंबरनाथच्या सीनियर्सच्या कहाण्या मी भरपूर ऐकल्यात. म्हणजे बघा, जे संगीत मुळात शंभर माणसांच्या कोंदट खोलीसाठी जन्मलं, तेच नेमकं आम्हाला अर्धं मिळतं. आणि ज्यांना स्टेडियमच लागतं, ते पूर्ण मिळतात!

सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. शेवटची कर्जत पूर्वी १२.२४ ला सुटायची. ५ ऑक्टोबर २०२४ च्या नव्या टाइमटेबलमध्ये ती १२.१२ झाली. बारा मिनिटं. ऑफिसच्या माणसाला बारा मिनिटं म्हणजे एक चहा. 'व्हाइट स्ट्राइप्स'चं 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल' हे गाणं १ मिनिट ५० सेकंदांचं आहे, म्हणजे अशी सहा गाणी गेली आणि वर टाळ्यांना वेळ उरला. यंदा परळच्या एका क्लबातून मी तीनदा मधूनच निघाले, तिन्ही वेळा पाठीमागे लोकांचा 'वन्स मोअर' चालू होता. लेडीज डब्यात एक पोलीस, दोन नर्सेस, एक झोपलेली मासेवाली आणि कानात शिट्टी वाजत असलेली मी. आईचा फोन ठाण्याला एकदा, कल्याणला एकदा. 'कुठपर्यंत आलीस?' हे वाक्य माझ्या वर्षातलं सर्वात जास्त वाजलेलं गाणं असावं.

मैत्रिणी म्हणतात, परळला रूम घे ना यार. हिशेब केला. भाडं भरल्यावर गिगला जायला पैसे उरत नाहीत. मग परळला राहून करायचं काय, लांबून आवाज ऐकायचा?

मात्र वर्षातलं माझं खरं गाणं मुंबईत नव्हतंच. ते उल्हासनगरला होतं, कॅम्प ५ मध्ये, जीन्स शिवायच्या एका गाळ्यात.

उल्हासनगरची ओळख काय द्यायची! दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, आणि 'मेड इन यूएसए'चा तो घिसापिटा जोक. कॅम्प ५ म्हणजे जीन्सचं गाव. तिथल्या एका पोराच्या काकांचा गाळा आहे. शुक्रवारी कारागिरांना सुट्टी, म्हणून प्रॅक्टिस शुक्रवारी. चार जण. गिटारवाला अंबरनाथचा, त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. ड्रमर विठ्ठलवाडीचा, दिवसा कॉल सेंटर. शिलाई मशिनी भिंतीला सरकवायच्या, शटर अर्धं खाली, जीन्सचे गठ्ठे रचून साउंडप्रूफिंग. अँप कॅम्प ३ मधल्या एका रिपेअरवाल्या अंकलनी जुन्या भागांतून जोडून दिलेला, आतून जरा जास्तच गुरगुरायचा. पण हा आवाज काढायला लोक हजारोंचे पेडल घेतात! दुरुस्तीसाठी लाइट जायची तीही नेमकी शुक्रवारीच. मग काय, अंधारात नुसता ड्रम आणि ओरडणं.

मी बँडमध्ये नाही. मी वडापाव आणणारी श्रोता. त्यांची चार गाणी आहेत, दोन मराठीत, आणि मराठीतली जास्त चांगली आहेत. इंग्रजीत ते कुणासारखे तरी वाटतात.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकन वेड. तसं नाही हो. साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे 'सिमला बीट' नावाची बँड स्पर्धा व्हायची. सिमला ही सिगारेट, पैसे इंपीरियल टोबॅकोचे. त्यातून 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' अशा दोन एलपी निघाल्या. शिलाँगचे 'फेंटोन्स', कलकत्त्याचे 'ग्रेट बेअर', असे देशभरातले बँड त्यात आहेत. परदेशी गिटार मिळणं मुश्कील, म्हणून पोरं गिटार आणि अँप इथेच बनवून घ्यायची. सिद्धार्थ भाटियांच्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात तो सगळा काळ सापडतो. मी या एलपी यंदा जून-जुलैच्या पावसात लोकलमध्ये ऐकल्या. कॅम्प ३ च्या अंकलचा अँप आणि त्या रेकॉर्डवरचे अँप अगदी एका आईची लेकरं वाटतात.

आणि अजून एक. बेंजो! मे महिन्यात आमच्याकडे मांजर्लीत एक हळद होती. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव रस्त्यावर. टेम्पोवर बेंजो पार्टी. बुलबुलतरंगाला पिकअप लावलेला, टाइपरायटरसारख्या कळा, आणि अँप इतका फुल की सूर कडांना फाटतोय. मी नाचता नाचता थांबलेच. ज्या आवाजासाठी मी ६८ किलोमीटर जाऊन अर्ध्यातून परत येते, तो आमच्या गल्लीत फुकट चालू होता. आमचा अंबरनाथचा गिटारवाला सीझनला अशाच एका पार्टीत वाजवतो. एका हळदीचे त्याला मिळतात ते पैसे बँडने आजवर एकूण कमावलेत त्यापेक्षा जास्त आहेत. अर्थात बँडची कमाई शून्य आहे, त्यामुळे तुलना फार अवघड नाही.

ऑगस्टच्या शेवटी 'द हाइव्ज'चा नवा अल्बम आला, तो गाळ्यात सगळ्यांनी एकत्र ऐकला. नोव्हेंबरमध्ये 'व्हाइट स्ट्राइप्स' रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले. जॅक व्हाइट आला, मेग आली नाही. तिच्या वतीने त्यानेच आभार मानले. मेगला ड्रम वाजवता येत नाही असं लोक वर्षानुवर्षं म्हणायचे. आमच्या ड्रमरची ती देवी. त्यालाही तेवढंच येतं, धाड-धाड-धाड, पण त्या साधेपणात जी ताकद आहे ती भल्याभल्यांना जमत नाही. व्हिडिओ बघून झाल्यावर तो म्हणाला, 'मला बेंगळुरूचं ऑफर लेटर आलंय.' कुणी काही बोललं नाही. पगार जवळजवळ दुप्पट होता. काय बोलणार?

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी शेवटची प्रॅक्टिस झाली. चारही गाणी मी फोनवर रेकॉर्ड केली. तिसऱ्यात मधेच शेजारच्या गाळ्यातला कुकर शिटी देतो, पण टेक तोच चांगला आहे. काकांनी दुसऱ्या दिवशी मशिनी परत मधे घेतल्या आणि म्हणाले, 'ड्रमवाला नवीन मिला तो बोलना, शटर खोल देंगे.' ड्रमसेट ड्रमरने विकला नाही, गाळ्यातच जीन्सच्या गठ्ठ्यांखाली ठेवलाय.

तर शोध चालू आहे. मेट्रोनोमसारखा वाजवणारा नको, तेवढा आम्हाला परवडायचा नाही. विठ्ठलवाडी ते बदलापूरच्या मधे राहणारा किंवा राहणारी हवी. शुक्रवार मोकळा पाहिजे. लाइट गेली तरी थांबायचं नाही.